चरबी वगळून

३ मार्च, सोमवार

आजपासून डायरी. ही वही रसायनं पुरवणाऱ्याने जानेवारीत फुकट दिली होती आणि दोन महिने ती बाटल्यांखाली ठेवायला वापरली. आज तिचं नशीब उघडलं, कारण आज माझं उघडलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा एका गिऱ्हाइकाने मला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" मॅडम शेजारी उभ्या असताना मला विचारलं.

नव्या वहीला ओळख करून द्यायला हवी. आमच्याकडे खाण्याच्या वस्तू तपासतात. मी सहायक. वस्तू आली की ती बारीक करायची, तोलायची, वाळवायची, उकळायची, आकडा काढायचा आणि मॅडमच्या टेबलावर ठेवायचा. मॅडम सही करतात. सही झाली की तो आकडा त्यांचा. माझी काही तक्रार नाही. (आहे, पण आज नको.)

आजचं गिऱ्हाईक डुकराची कातडी तळून तिच्या कुरकुरीत चकत्या पाकिटात घालून विकतं. खिशात एक पाकीट कायम असतं आणि बोलता बोलता कुडुमकुडुम चालू. चहावाल्याने तो जिना उतरायच्या आत त्याचं नाव कुडुमशेठ ठेवलं. त्याला तीन जातींची कातडी तपासून हवी आहे: काळी, पांढरी आणि तांबडी. जिच्यात जास्त पौष्टिकता, ती जात पाळणाऱ्याकडूनच तो यापुढे माल घेणार आणि पाकिटावर तसं छापणार.

मॅडम म्हणाल्या, "कातडीतलं प्रथिन म्हणजे बहुतेक कोलॅजन. आकडा मोठा येतो, पण नुसत्या त्याच्यावर शरीराचं भागत नाही. तेही छापणार का पाकिटावर?"

"बारीक अक्षरात छापू की," कुडुमशेठ म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "तुम्हाला काय वाटतं बाई, कोण जिंकेल?"

मी म्हटलं, "काळी."

आमच्या घरी अकरा काळ्या डुकरिणी आणि एक नर आहे, हे मात्र म्हटलं नाही.

५ मार्च, बुधवार

घरातलंही लिहून ठेवते. बाबांनी आयुष्यभर काळी डुकरं पाळली. आता सगळं दादा बघतो, आणि दादाने ठरवलंय की काळी विकायची आणि पांढरी आणायची. पांढरी लवकर वाढतात, मोठा खरेदीदार तीच घेतो. वीस एप्रिलला गाडी येऊन बाराच्या बारा घेऊन जाणार. दादा चुकीचं काही बोलत नाही, हीच पंचाईत आहे. त्याने हे सांगितल्यापासून बाबा भांडले नाहीत, रुसले नाहीत, फक्त गोठ्यात जास्त वेळ बसायला लागले. डुकरांच्या गोठ्याला बाबा 'दिवाणखाना' म्हणतात. आई होती तेव्हापासून.

काल जेवताना मी तपासणीचं सांगितलं. काळी जिंकली तर कुडुमशेठ आपल्याकडूनच माल घेईल आणि गाडीची गरजच उरणार नाही, असं मी फार तावातावाने म्हणाले असणार, कारण वहिनी म्हणाली, "ताई, आधी घास गिळा."

दादा म्हणाला, "बाजारात तुरी." पण नाही म्हणाला नाही. खाटकाकडे जाणाऱ्या वाढलेल्या पिल्लांतल्या एकाची कातडी नमुन्याला द्यायला तयार झाला.

बाबांनी एवढंच विचारलं, "कातडी कधी द्यायची?" मी सांगितलं, सोमवारी. मग दादाला म्हणाले, "कपाटावरची वाकडी सुरी खाली काढ. धार लावून आण." ती सुरी फडक्यात गुंडाळून इतकी वर्षं पडली होती की आम्ही ती विसरलो होतो. म्हातारपणी माणसाला काय आठवेल सांगता येत नाही.

१० मार्च, सोमवार

नमुने आले! पांढरीचा आणि तांबडीचा मोठ्या फार्मांतून, डब्यांत, यंत्राने सोललेला. आपला नमुना दादा घेऊन आला, ओल्या फडक्यात गुंडाळून, वर सुतळी. सुतळीची गाठ बाबांची होती. मी खोलीत कोणी नाही बघून काळीला म्हटलं, "घराण्याचं नाव राख."

मॅडमनी नियमाप्रमाणे क्रमांक दिले. एक, दोन, तीन. मी तिन्ही टेबलावर पालथ्या घातल्या आणि चिठ्ठ्या लावायला वळले, तेवढ्यात लक्षात आलं की उलटी केली की तिन्ही सारखीच पांढुरकी. काळीचा काळेपणा नुसता वरच्या पापुद्र्यात, आत काही नाही. मला तर आपलं माणूस पाठमोरंही ओळखू येईल असं वाटत होतं. मुकाट्याने परत सुलट केल्या आणि मग चिठ्ठ्या लावल्या.

१२ मार्च, बुधवार

आज चरबी काढायला लावली. कातडीचा वाळवलेला चुरा कागदी नळीत, खाली द्रावक उकळतोय, वाफ वर जाऊन थंड होते आणि थेंबाथेंबाने चुऱ्यावर पडून चरबी धुऊन नेते. आठ तास हे चालतं. बघण्यासारखं काही नसतं, तरी मी स्टूल घेऊन बसले. आजूबाजूची मंडळी मला हसली. हसोत.

बाबांचा उजवा खांदा धरलाय. वहिनीने शेकून दिला. पंच्याहत्तरी उलटली की असं व्हायचंच.

१५ मार्च, शनिवार

घाईत लिहितेय, अक्षराकडे बघू नये.

प्रथिनं, शंभर ग्रॅमला: पांढरी २५.६. तांबडी २४.८. काळी ३३.१!

चरबी: पांढरी २९, तांबडी ३१. काळी फक्त ८.

मी दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा बाजूच्या टेबलावरच्या मुलीला मोजायला लावलं. तेच. एकोणीस वर्षं पिठात आणि तेलात घालवली, त्यांत असला आकडा मला कधी भेटला नव्हता. इतर दोघी पायऱ्या चढताहेत आणि आपली काळी गच्चीवर जाऊन बसली आहे.

मॅडमकडे जवळजवळ पळतच गेले. त्यांनी कागद बघितला, चष्मा वर केला, परत बघितला. "फारच चांगला आहे," म्हणाल्या, आणि तो सूर कौतुकाचा नव्हता. "चरबी वगळून एकदा आकडा काढून बघ. आणि दुसरी खेप तपासून होईपर्यंत कोणाला एक अक्षर बोलू नकोस."

मी "हो मॅडम" म्हटलं.

फाटकाशी कुडुमशेठ भेटला. त्याने फक्त भुवया उंचावल्या, आणि मी सगळं सांगून टाकलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, त्यातली गत. त्याने तिथेच अर्धं पाकीट माझ्या हातावर रिकामं केलं.

१६ मार्च, रविवार

आज घरात सणासारखं. दादाने गाडीवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. स्वतःहून! मग बराच वेळ गोठ्याच्या कठड्याला टेकून उभा होता आणि मोठ्या डुकरिणीला म्हणत होता, "तुझी कातडी एवढी भारी, मग आधी बोलली का नाहीस?"

मी दिवसभर कोणालाही थांबवून प्रथिनांबद्दल सांगत होते. वहिनी म्हणाली, "चरबी कमी तिकडे निघाली, चढली मात्र इकडे." मलाही हसू आलं.

बाबा खूश व्हावेत तसे झाले नाहीत. त्यांनी विचारलं, "दुसरी खेप पण द्यावी लागते?"

"नियमच आहे. दोनदा आकडा जुळला की झालं."

"मग तिसरी?"

"सहसा नाही लागत."

"दोनच," ते म्हणाले, आणि उजवा हात उघडून मिटून बघत राहिले. खांद्याला तेल लावायची आठवण केली तर म्हणाले, "लावतो, लावतो." त्यांना आनंद दाखवता येत नाही, हा आमच्या घरातल्या पुरुषांचा जुना रोग आहे.

२४ मार्च, सोमवार

दुसरी खेप आज दिली. शनिवारपासून बाबांना ताप. अंगावरचं पांघरूण टाकून काल पहाटे उठायला बघत होते, "कातडी, कातडी" करत. वहिनीने दटावून झोपवलं. दादा म्हणाला, "मी देतो पाठवून, तुम्ही पडा." बाबा त्यावर म्हणाले, "तुला नाही जमायचं." कातडी डब्यात भरून पाठवायला काय जमायचं असतं? दादाला राग आला नाही, तापात माणूस काहीही बोलतो.

२९ मार्च, शनिवार

काळी २५.१. चरबी ३०.

कुठेतरी चुकलं आहे.

३१ मार्च, सोमवार

आम्ल बदललं. तराजू तपासला. काचनळी धुतली, पुसली, परत धुतली. गाळणीच्या कागदाला दोष दिला, विजेच्या दाबाला दिला, बाजूच्या टेबलावरच्या मुलीने खिडकी उघडी ठेवली होती म्हणून तिलाही दिला. ती बिचारी म्हणाली, "ताई, खिडकी तेव्हाही उघडीच होती." नाचता येईना, अंगण वाकडं.

परत सगळं केलं. २५.२.

१ एप्रिल, मंगळवार

खरं लिहिते. आज दुपारी मी दुसऱ्या खेपेचा कागद खणात सगळ्यांत खाली ठेवला आणि वर पिठाचे अहवाल ठेवले. वाटलं, नमुना खराब झाला म्हणावं. तसं होतं कधीकधी, कोणी विचारत नाही. कुडुमशेठला मी सांगून बसले आहे, दादाने गाडी रद्द केली आहे, आणि बाबा तापातून उठल्यावर पहिल्यांदा जेवले ते काल.

संध्याकाळी निघताना कागद परत वर काढला. एकोणीस वर्षांत न पाहिलेला आकडा मी लिहिला नाही आणि पाहिलेला लपवला नाही. माझ्याकडे दाखवण्यासारखं एवढंच आहे. कातडी तपासता तपासता कातडीबचाऊ व्हायचं नाही. पण भीती फार वाटते.

२ एप्रिल, बुधवार

मॅडमनी सांगितलेलं मी केलंच नव्हतं!

सगळ्या नमुन्यांची चरबी वजा केली आणि उरलेल्यात प्रथिनं किती, ते काढलं. बेरीज-वजाबाकीच्या वहीत, पेन्सिलीने, पाच मिनिटांत. पहिली खेप: पांढरी ३६. तांबडी ३६. काळी ३६. दुसरी खेप: ३६, ३६, ३६. मी हसायलाच लागले. बाजूच्या मुलीने पाणी आणून दिलं.

म्हणजे कातडी सगळ्यांची एकच. पहिल्या खेपेत आपल्या काळीला चरबी चिकटलेली नव्हती, एवढाच फरक. चरबी नाही म्हणून बाकीच्याचा वाटा मोठा दिसला. मग पहिल्या वेळी ती गेली कुठे? चरबी काही आपल्या पायाने उठून जात नाही.

आणि मग मला एकदम वाकडी सुरी आठवली.

३ एप्रिल, गुरुवार

बाबा दिवाणखान्यात होते. मी विचारलं, "पहिल्या वेळची कातडी कोणी साफ केली?"

"मी."

"कधी?"

"पहाटे. तीन दिवस लागले. पूर्वी तेवढ्या वेळात वीस व्हायच्या."

मग सगळं बाहेर आलं. लग्नाआधी सहा वर्षं बाबा खाटकांच्या गल्लीत कातडी खरवडायचं काम करत होते. आम्हाला 'कसायाकडे होतो' एवढंच माहीत. गोल ओंडक्यावर कातडी पसरायची, कोमट पाणी मारत राहायचं, आणि वाकड्या सुरीने चरबी अशी उतरवायची की कातडीला चरा पडता कामा नये. झाली की ती उजेडासमोर धरायची. पलीकडची बोटं दिसली पाहिजेत. यंत्रं आली आणि ते काम गेलं.

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलंस कुठे? तू आल्यापासून आकडेच सांगत होतीस." थोड्या वेळाने म्हणाले, "पोरगी परीक्षेला बसवायची तर तोंड धुऊन, केस विंचरून पाठवतात ना? तसंच केलं."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. गाडी परत बोलवावी लागेल, अहवालात फरक नाही असंच लिहावं लागेल, हे सांगायचं होतं. ते सांगितलंही. बाबा 'बरं' म्हणाले. फक्त 'बरं'. मग मोठ्या डुकरिणीच्या कानामागे खाजवत बसले. मी तिथून उठले, कारण मला रडू येत होतं आणि डुकरांसमोर रडायची सवय नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

मॅडमना सगळं सांगितलं. फाटकाशी बोलले ते, नमुने आमच्याच घरचे होते ते, खणातल्या कागदाचंही.

त्या म्हणाल्या, "नमुन्याच्या पावतीवर तुझ्या भावाची सही आहे. आडनाव तुझंच आहे. मला वाचता येतं." मी खाली मान घातली. "म्हणून तर क्रमांक दिले, आणि उरलेला चुरा दर वेळी मी स्वतः तपासत होते. तुझे आकडे बरोबर आहेत. आता गिऱ्हाइकाला तू सांगायचंस. जिभेने घाई केली, तिनेच निस्तरायचं."

दादानेही गाडी परत ठरवली. वीस तारखेचीच. फोन करताना माझ्याकडे पाठ होती.

७ एप्रिल, सोमवार

कुडुमशेठला सांगितलं. पाकीट हातात होतं, तोंडाशी गेलं नाही. मला वाटलं, आता आवाज चढणार. त्याऐवजी तो म्हणाला, "थांबा. म्हणजे काळी जिंकली नाही, तुमचे वडील जिंकले?"

मी असा विचारच केला नव्हता.

"तुमचे वडील पांढरी खरवडतील तर तीही तेहेतीसला जाईल?"

"जायला हवी."

"हवी नको, करून दाखवा. आठ टक्के चरबीची कातडी मला आजवर कोणी दिली नाही. माझ्या यंत्राला जमत नाही. ती तळली तर काय फुलेल!" आणि मग कुडुम. मी मॅडमकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "प्रयोग आहे. करायलाच हवा." त्यांचे डोळे चमकत होते. मॅडमचे! हे मी तारखेसह नोंदवून ठेवते.

११ एप्रिल, शुक्रवार

बाबा प्रयोगशाळेत! माझा पांढरा कोट घालून, बाह्या दुमडून. मी रोज जिथे उभी राहते तिथे ओंडका ठेवला. तीन ताज्या कातड्यांचे हातभर तुकडे, तिन्ही पालथे, क्रमांक मॅडमच्या खिशात. बाबांनाही माहीत नाही कोणती कोणाची.

खोलीत सुरीचा आवाज फक्त, ओला, लांब. बाबांचं अंग घरी वाकलेलं असतं, इथे ते सरळ नव्हतं पण बरोबर होतं. त्यांचा अंगठा पात्याच्या पुढे पुढे चालतो, कुठे दाबायचं ते आधी चाचपतो, पातं मागून येतं. मी चिमट्याने ग्रॅमचा हजारावा भाग उचलते आणि स्वतःला मोठी हातकुशल समजते. एकेक कातडी झाली की ते खिडकीशी नेऊन धरत. पलीकडे बोटं दिसत होती. पांढरी, काळी, तांबडी, एकीलाही जास्त वेळ लागला नाही. मी घड्याळ लावलं होतं: पंचेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस मिनिटं. मॅडमच्या सांगण्यावरून मध्ये दोनदा खांदा शेकायला थांबवलं, तो वेळ वेगळा.

जाताना मॅडम बाबांना म्हणाल्या, "तुमच्या मुलीचा हातही असाच आहे."

बाबा म्हणाले, "तिचा बारीक आहे." गाडीत बसल्यावर त्यांनी सुरी फडक्यात गुंडाळून मांडीवर ठेवली.

१६ एप्रिल, बुधवार

३३.०. ३३.२. ३२.९.

अहवाल लिहिला. "तिन्ही जातींच्या कातडीच्या पौष्टिकतेत लक्षणीय फरक आढळला नाही. आढळलेला फरक खरवडण्याच्या पद्धतीचा आहे." खाली कोलॅजनबद्दल, नुसत्या कातडीवर आहार पूर्ण होत नाही हेही लिहिलं, आणि बारीक अक्षरात लिहिलं नाही. मॅडमनी सही केली आणि कागद परत माझ्याकडे सरकवला. सहीशेजारी रिकामी जागा होती. "तुझी पण कर," म्हणाल्या.

केली. दोनदा गिरवल्यासारखी झाली.

पण काळी हरली. म्हणजे हरली नाही, जिंकली नाही. गाडीला चार दिवस आहेत.

१७ एप्रिल, गुरुवार

आज मॅडमच्या खोलीत सगळे: कुडुमशेठ, दादा, बाबा, मी. कुडुमशेठला बाबांनी त्याच्या कामगारांना खरवडायला शिकवायला हवं आहे. कायमचं काम, रोज सकाळी दोन तास, ओंडके तो देणार, खुर्चीही देणार.

बाबांनी आधी चहा संपवला. मग म्हणाले, "शिकवीन. पण काळ्या कातडीवर."

"का हो? अहवालात तर..."

"अहवाल खाणाऱ्यासाठी. हा हात बसवायचा प्रश्न आहे. पांढऱ्या कातडीवर पांढरी चरबी राहिली तर दिसते का? नाही दिसत. काळ्यावर चूक लगेच दिसते. आम्ही काळ्यावरच शिकलो."

"बरोबर आहे," कुडुमशेठ म्हणाला. "पाटीवर खडू, तसंच ना? म्हणजे शिकेपर्यंत काळी लागतील."

"शिकल्यावरही. महिन्यातून एकदोनदा काळ्यावर हात फिरवावा लागतो, नाहीतर जड होतो." मग दादाकडे न बघता, "अकरा डुकरिणी ठेवल्या की पुरतील. नर एक."

दादाने माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं. सहा आठवडे मी त्या कातड्या कापते आहे. चरबी असते आतल्या बाजूला, आणि आतून तिन्ही सारख्याच पांढुरक्या. काळीच्या आत काळं काही नाही. पहिल्याच दिवशी इथे लिहून ठेवलंय. बाबांनी सहा वर्षं कातडी खरवडली, त्यांना हे माहीत नसेल?

मॅडमनी चष्मा काढला आणि रुमालाने पुसायला घेतला. बराच वेळ पुसत होत्या. मी तोंड मिटलं आणि चहा ढवळत बसले. त्यात साखर नव्हती.

२० एप्रिल, रविवार

गाडी आली. दादा परत रद्द करायला विसरला, का मुद्दाम विसरला, देव जाणे. गाडीवाल्याने विचारलं, "तुमचं एकदा काय ते ठरतंय का?" बाबांनी त्याला चहा पाजला, कातडीबद्दल सगळं सांगितलं, आणि गाडी रिकामी परत गेली. दादा हसून म्हणाला, "काखेत कळसा, गावाला वळसा." मग कठड्याची मोडलेली फळी ठोकायला घेतली. ती वर्षभर मोडलेली होती.

५ मे, सोमवार

सुट्टी काढून बाबांचा वर्ग बघायला गेले. कारखान्याच्या मागच्या पडवीत चार ओंडके, तीन बायका आणि एक टक्कल पडलेला गृहस्थ. बाबा खुर्चीवर, हातात सुरी नाही, नुसती काठी. काठीने दाखवतात. खांद्याला आराम आहे.

त्यातली एक बाई हुशार निघाली. तिने अर्धी कातडी खरवडली, उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, "आजोबा, काळी काय नि पांढरी काय, या बाजूने तर सारखीच दिसते. काळ्यावर चूक कशी काय दिसेल?"

बाबांची काठी हवेतच राहिली. मग ते वळले आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "माझी मुलगी. प्रयोगशाळेत आहे. एकोणीस वर्षं. सही आहे तिची. तिला विचारा."

चौघेही माझ्याकडे बघायला लागले. बाबाही. त्यांनी आजवर कधी कोणाला मला काही विचारायला सांगितलं नव्हतं. मी पुढे झाले, कातडी घेतली, उजेडासमोर धरली. पलीकडे माझी बोटं. चरबीचा एक पांढरा ठिपका होता कोपऱ्यात, पांढुरक्यावर पांढरा. चाचपला तेव्हा कळला, डोळ्यांना दिसला नाही.

"दिसते," मी म्हटलं. "काळ्यावर लगेच दिसते."

बाबा म्हणाले, "ऐकलंत? चला, पाणी मारा."

इथे खरं लिहून ठेवते, नाही दिसत, कारण ही वही मॅडम तपासत नाहीत. घरी आल्यावर दिवाणखान्यात गेले. मोठीला काल नऊ पिल्लं झाली आहेत, नऊच्या नऊ काळी. बाबांनी एक उचलून माझ्या हातात दिलं. "तोल," म्हणाले, "किती भरतं सांग."